मदत हवी आहे: ऑफिसच्या इंटरनेटवरून कर्मचाऱ्याने बनावट खातं चालवलं, मालकाची जबाबदारी किती?

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमची हिशेबाची भागीदारी फर्म आहे. काका आणि मी भागीदार. मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची खाती, जीएसटी रिटर्न, टीडीएस असं काम. १४ माणसं आहेत.

आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलीचे फोटो वापरून कोणीतरी इन्स्टाग्रामवर तिच्या नावाने खातं उघडलं. त्यावरून तिच्या ओळखीच्यांना, अगदी होणाऱ्या सासरच्यांनाही घाणेरडे मेसेज गेले. तिने सायबर पोलिसांत तक्रार केली आणि आयपी अ‍ॅड्रेसचा माग आमच्या ऑफिसच्या कनेक्शनवर येऊन थांबला. आता आम्हाला पत्र आलंय: हजेरी, सीसीटीव्ही फुटेज, राउटरचा लॉग द्या. मेसेजच्या सगळ्या वेळा कामाच्या वेळेतल्या आहेत. ज्याच्यावर संशय आहे तो डेटा एन्ट्रीचं काम करतो आणि काकूंच्या माहेरचा आहे.

काकांचं म्हणणं, "पोरानं काय केलं त्याला आपण काय करणार? तो पीसी फॉरमॅट कर, त्याला गावी धाडतो, विषय संपव." काकूच आमच्या अंतर्गत समितीच्या (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या) अध्यक्ष आहेत, त्यामुळे मुलगी तिकडे जायला तयार नाही. ती रोज कामावर येते आणि तीन टेबलं सोडून तो बसलेला असतो. परवा मला म्हणाली, "ताई, मीच सोडू का काम?" तिने का सोडायचं? मला हे अजिबात मान्य नाही, पण काकांसमोर नुसतं "हे चुकीचं आहे" म्हणून भागणार नाही, कायद्यात काय आहे ते सांगावं लागेल.

फर्मवर गुन्हा येऊ शकतो का? पोलिसांना काय द्यायचं, काय नाही? त्याला लगेच काढायचं का? ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानेच त्या खात्याचा स्क्रीनशॉट टाकला होता आणि ग्रुपची अ‍ॅडमिन मी आहे, त्याचं काय?

सातपुडा:
ताई, सगळ्यात आधी तो पीसी बंद करून कपाटात कुलपात ठेवा. फॉरमॅट अजिबात नको. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे (कलम २३८, इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करण्यासाठी २४१). आज काकांवर काहीच नाही, फॉरमॅट केला तर मात्र येईल. सीसीटीव्हीचं जुनं फुटेज डीव्हीआर (रेकॉर्डिंगचं यंत्र) आपोआप पुसत जातो, त्यामुळे ते आजच काढून घ्या.

पत्रावर कोणतं कलम लिहिलंय ते बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) ९४ असेल तर फक्त कागदपत्रं मागितली आहेत. १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. ३५(३) असेल तर संशयित म्हणून, मग वकिलाशिवाय जाऊ नका.

लेखणी:
मी कामगार आणि पॉश (कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ) प्रकरणं बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

फर्मवर गुन्हा येण्याचं कलम म्हणजे आयटी कायदा २००० चं ८५. त्यात 'कंपनी'मध्ये भागीदारी फर्मही येते आणि 'संचालक' म्हणजे भागीदार. पण ते कलम कंपनीने केलेल्या गुन्ह्यासाठी आहे. एखाद्याने स्वतःच्या आकसापोटी बनावट खातं काढलं तर तो त्याचा गुन्हा, बहुधा ६६क (66C, ओळख चोरणं) आणि ६६ड (66D, तोतयेगिरी करून फसवणूक), दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद. शिवाय माहिती नव्हती किंवा योग्य ती सगळी काळजी घेतली होती, हे सिद्ध केलं तर जबाबदार व्यक्ती सुटते. नुकसानभरपाईतही कोर्ट बघतं की कृत्य नोकरीच्या कामाचा भाग होतं का. स्टेट बँक विरुद्ध श्यामा देवी, १९७८: ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडे खात्यात भरायला दिलेले पैसे त्याने हडपले, तरी सुप्रीम कोर्टाने बँकेला जबाबदार धरलं नाही, कारण त्याने ते बँकेचा नोकर म्हणून स्वीकारलेच नव्हते.

म्हणजे त्याने केलं त्याबद्दल तुम्ही बऱ्याच अंशी सुरक्षित आहात. पण तुम्हाला कळल्याच्या दिवसापासून तुम्ही काय केलंत, ते तुमच्या नावावर लागणार. पॉश कायदा २०१३ च्या कलम १९ नुसार सुरक्षित वातावरण देणं आणि तिला हवं असेल तर पोलीस तक्रारीसाठी मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्यात कसूर झाली तर ५० हजारांपर्यंत दंड. इथे 'पोरानं केलं' हे उत्तर चालत नाही.

काकूंनी या प्रकरणातून लेखी बाजूला व्हावं. अध्यक्ष ज्येष्ठ पदावरची महिला लागते. तुमच्याकडे दुसरी नसेल तर दुसऱ्या संस्थेतून घ्यायची सोय कलम ४ मध्येच आहे. घटनेपासून ३ महिन्यांत तिने लेखी तक्रार द्यायला हवी (समिती आणखी ३ महिने वाढवू शकते), चौकशी ९० दिवसांत. तिने लेखी मागितलं तर समितीच्या शिफारशीवरून ३ महिन्यांपर्यंत रजा मिळते. पण कृपा करून तिला घरी बसवून त्याला खुर्चीत ठेवू नका. लगेच काढूही नका, आधी निलंबन आणि चौकशी, नाहीतर तोच तुमच्यावर केस करेल. त्याचा मोबाइल हिसकावून बघू नका, ते पोलिसांचं काम.

ग्रुपबद्दल घाबरू नका. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला शिक्षा नाही, त्यात त्याचा सामाईक हेतू असल्याशिवाय. चॅट मात्र पुसू नका.

सातपुडा:
एक राहिलं. त्याच पीसीवर व्यापाऱ्यांचे पॅन, बँक तपशील असणार. पोलीस पीसी नेणार असतील तर पंचनाम्याची प्रत घ्या आणि हॅश व्हॅल्यू (डेटात नंतर बदल झाला का ते दाखवणारा आकडा) नोंदवून घ्या. फुटेज देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागेल.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. पत्र ९४ चं आहे. पीसी कुलपात ठेवला, फुटेज कॉपी केलं. लेखणीताईंचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. कलम ८५ मधला भागीदारांचा उल्लेख ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग "पोराला उद्यापासून येऊ नको म्हणून लेखी दे" म्हणाले. काकू अजून रागावलेल्या आहेत, पण बाजूला होण्याच्या पत्रावर त्यांनी सही केली. समितीवरच्या बाहेरच्या सदस्य बाईंशी मुलगी स्वतः बोलली, तक्रार लिहिते आहे.

एकच अडलंय. कलम ६३ च्या प्रमाणपत्रात भाग 'अ' आम्ही भरू, भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा असतो असं पोलीस ठाण्यात सांगितलं. सांगली-कोल्हापूर भागात कोणी हे करून घेतलं असेल तर कोणाकडे जायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारी फुटेज द्यायचं आहे.