प्रशिक्षण धारण तलावाच्या काठावर व्हावे

लोकप्रतिनिधींना आणि अधिकाऱ्यांना संवादकौशल्य शिकवले की खाडीकाठचे वाद मिटतील, या सूचनेशी मी अर्धाच सहमत आहे. नवी मुंबईतील धारण तलावांचेच उदाहरण घ्या. भरतीच्या वेळी झडपा बंद होऊन पावसाचे पाणी तलावात साठावे आणि ओहोटीला ते खाडीत जावे, अशी ही सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेची) रचना; पण त्यांत गाळ साचला, गाळावर कांदळवन (खारफुटी) वाढले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक हिताच्या कामासाठीही ते न्यायालयाच्या परवानगीविना तोडता येत नाही. एक बाजू ‘गाळ काढा’ म्हणते, दुसरी ‘हात लावू नका’. या मागण्यांमागची गरज, म्हणजे तळमजल्यात पाणी शिरू नये आणि पाखरांचा अधिवास टिकावा, वेगळी काढून मांडणे हे खरे शिकवण्याजोगे कौशल्य आहे.

दुसरे म्हणजे संयुक्त तथ्यशोधन. गाळाची खोली कुठे, कोणत्या भरतीला आणि कोणी मोजायची, हे दोन्ही पक्षांनी आधी ठरवले, तर अहवाल आल्यावर ‘तुमचा तज्ज्ञ, आमचा तज्ज्ञ’ हा खेळ बराचसा थांबतो. त्यासाठी पालिकेचा अभियंता, वनविभागाच्या कांदळवन कक्षाचा कर्मचारी, सोसायटीचा सचिव आणि कोळीवाड्यातील जाणता मासेमार (ज्याला सहसा शेवटी विचारतात) यांची प्रशिक्षणाची तुकडी एकच हवी.

मात्र रात्री डंपरने राडारोडा टाकणाऱ्याशी तडजोडीची बैठक घेऊ नये. तिथे गुन्हाच नोंदवावा.