घरच्या चारखांबी लिफ्टवर रोलिंग जॅक बसवावा की फळीवर भागवावे?

पार्लेकर_गाडीवाला

‘काटकसरी’ यांनी परवा येथे लिहिले की, घरच्या चारखांबी लिफ्टसाठी (चार खांबांच्या आधाराने गाडी उचलणारे यंत्र) रोलिंग जॅक, म्हणजे लिफ्टच्या दोन ट्रॅकच्या मध्ये सरकणारा जॅक, घेणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. त्यांच्या मते, गाडीची चाके ज्यांवर उभी राहतात त्या दोन ट्रॅकवर सागाची जाड फळी आडवी टाकावी, तिच्यावर साधा, जमिनीवर ढकलत नेण्याचा ट्रॉली जॅक ठेवावा आणि पुढची चाके उचलून घ्यावीत. काही नवी मंडळी हा सल्ला लगेच अमलात आणायला निघालेली दिसली, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

चारखांबी लिफ्टवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असते. ऑइल बदलायला किंवा सायलेन्सर पाहायला ते उत्तम आहे. पण ब्रेक पॅड, शॉक अॅब्सॉर्बर किंवा लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) काम निघाले की चाक अधांतरी लटकावे लागते. रोलिंग जॅक त्यासाठीच असतो. त्याचे दोन्ही हात ट्रॅकच्या आतल्या पट्टीवर रोलरने सरकतात आणि त्याची कात्रीची रचना भार सरळ वर उचलते. ट्रॉली जॅकचा भार उचलणारा दांडा मात्र वर जाताना कमानीत फिरतो, त्यामुळे उचलण्याच्या जागेखाली टिकून राहण्यासाठी जॅकला स्वतःच्या चाकांवर सरकावे लागते. कोब्यावर तो सरकतो. भार येताच त्याची लोखंडी चाके लाकडात रुतली, तर तो सरकणार कोठे? मग एक तर जॅकचा गाडीला टेकणारा कप घसरतो, नाही तर गाडीच ट्रॅकवर ओढली जाते. इनोव्हा क्रिस्टा रिकामीच सुमारे 1,800 किलोची असते आणि तिचा निम्मा भार त्या फळीच्या मधोमध येतो. असा सल्ला जाहीरपणे देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

काटकसरी

माझ्या लिखाणातला सोयीचा तेवढाच भाग आपण उचलला आहे. लिफ्ट पूर्ण खाली असतानाच फळी वापरावी, हे मी त्याच परिच्छेदात लिहिले होते. आता खर्चाचे बोलू. जॅकची किंमत वेगळी, त्याची वाहतूक वेगळी, आणि हवेवर चालणारा घेतला तर सहा ते आठ बार दाब देणारा कॉम्प्रेसरही घ्यावा लागतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. नोकरदार माणूस गाडीचे काम रात्रीच करतो, मग शेजारी गप्प बसतील काय?

माझ्या मेहुण्यांना एका विक्रेत्याने ‘सगळ्या लिफ्टना बसतो’ असे सांगून जॅक दिला. त्यांच्या ट्रॅकच्या पट्टीवर त्याचे रोलर जेमतेम काठावर टेकत होते. विक्रेत्याने तो परत घेतला नाही आणि तो जॅक आजही वसईत गंजत पडलेला आहे. उपदेश करणाऱ्यांनी या लुबाडणुकीवरही दोन शब्द लिहावेत.

ग्रीसचे_हात

मी कुर्ल्यात गाड्यांचीच कामे करतो. मी ज्या गॅरेजात शिकलो, तेथे अशीच एक फळी गाठीपाशी उभी चिरलेली मी पाहिली आहे. शेजारच्या कारागिराचा हात तिच्यात चेंगरला आणि पुढे त्या हाताने त्याला पान्याची पकड नीट घेता आली नाही. ती लिफ्टही खालीच होती, काटकसरीसाहेब.

पण मला जॅकपेक्षा अधिक राग आहे तो लिफ्ट लॉकवर, म्हणजे खांबांतल्या लोखंडी अडकणींवर, न टेकवता खाली शिरणाऱ्यांचा. लिफ्ट हव्या त्या उंचीच्या थोडी वर न्यायची, चारही खांबांतून लॉकचा ‘खट्’ असा आवाज ऐकायचा आणि मग ती हळूच खाली सोडून पूर्ण वजन लॉकवर घ्यायचे. लिफ्टचे तारेचे दोर उचलण्यासाठी आहेत. माणूस खाली असताना भार धरून ठेवण्यासाठी नव्हेत. वर्सोव्यापासून वरळीपर्यंत समुद्राचा खारा वारा आणि त्यात चार महिन्यांचा पाऊस. पुलीवरून वळणाऱ्या जागी दोराची एकेक तार तुटू लागते आणि वरच्या ग्रीसमुळे ती दिसतही नाही. कापड धरून दोरावर फिरवा. तुटलेली तार कापडाला अडकते. उघड्या हाताने तपासू नका, तळवा फाटेल. लॉक न लावता रोलिंग जॅक चालवणाऱ्याला मी फळीवाल्याइतकाच बेपर्वा समजतो.

स्लॅबवाला

जॅकवर एवढा वाद चालला आहे. खाली जमीन आहे की स्लॅब, हे कोणी विचारले काय? मी इमारतींचे स्ट्रक्चरल काम पाहतो. इमारतींवरच्या भारांचे भारतीय मानक असलेल्या आयएस 875 च्या दुसऱ्या भागात 2.5 टनांपर्यंतच्या गाड्यांच्या पार्किंगसाठी दर चौरस मीटरला साधारण 250 किलो आणि एका जागी साधारण 900 किलो एवढाच भार धरलेला आहे. लिफ्टखालची जागा अंदाजे 5 मीटर बाय 2.7 मीटर, म्हणजे एकूण 3,400 किलोच्या आत राहायला हवे. लिफ्टचे 700 किलो, वर एक इनोव्हा आणि खाली दुसरी इनोव्हा धरली, तर आपण 4,300 वर पोहोचतो. जॅकचे वजन त्यानंतर मोजायचे. शिवाय मुंबईतल्या कित्येक जुन्या सोसायट्यांत पार्किंगच्या खालीच पाण्याची टाकी असते आणि त्या टाकीच्या स्लॅबमधल्या सळया गंजून किती फुगल्या आहेत, हे वरून कळत नाही.

पार्लेकर_गाडीवाला

माझी लिफ्ट बंगल्याच्या अंगणात, मातीवर भरलेल्या काँक्रीटवर आहे. कृपया प्रत्येक धागा स्लॅबवर नेऊ नये.

स्लॅबवाला

आपला बंगला आहे हे आपले भाग्य. हा धागा वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना पार्किंगचा एक चौकोन मिळाला तरी पुष्कळ. आपण त्यांना जॅक घ्यायला सांगता, पण आपल्या जागेचे गणित त्यांना लागू पडत नाही, हे लिहायला विसरता. याला मी बेजबाबदारपणा म्हणतो.

दहिसरची_सचिव

आमच्याकडे एका सभासदांनी स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) लिफ्ट उभी करण्याचा अर्ज दिला आणि ‘जागा माझी आहे’ असा हट्ट धरला. स्टिल्टमधली जागा गॅरेज म्हणून स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाळी सोसायटी या खटल्यात ठरवले आहे आणि ती सोसायटी आमच्या दहिसरचीच. जागा सोसायटीची, तर दायित्वही सोसायटीचे. गाडी पडून कोणाला इजा झाली, तर पोलीस आधी सचिवाच्या दारात येतात. कामापुरता कागद कोणीच आणून देत नाही. त्या सभासदांनी माझ्याशी बोलणे बंद केले आहे, तरीही स्ट्रक्चरल अभियंत्याच्या लेखी दाखल्याशिवाय मी परवानगी देणार नाही.

काटकसरी

सचिवबाईंचा त्रास मला समजतो. मात्र दाखल्याच्या नावाखाली अर्ज महिनोन्‌महिने दाबून ठेवणारे पदाधिकारीही मी पाहिले आहेत. ते असो. कमानीत फिरणाऱ्या दांड्याचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. फळीचा सल्ला मी मागे घेतो. परंतु वर्षातून एकदा ब्रेक पॅड बदलणाऱ्याने गाडी लिफ्टवरून उतरवावी, कोब्यावर ट्रॉली जॅकने उचलावी आणि जॅक स्टँडवर ठेवून काम करावे. तेथे रोलिंग जॅकची गरज नाही, आणि हे आपण खोडून काढलेले नाही.

पार्लेकर_गाडीवाला

ते मी खोडत नाही. जॅक स्टँडवर काम होते, फक्त पाठीवर झोपून होते, आणि ज्याने कंबर वाचावी म्हणून लिफ्ट घेतली त्याला ते पटणार नाही. कॉम्प्रेसरचा आक्षेप मात्र टिकत नाही, कारण हातपंपावर चालणारे रोलिंग जॅक मिळतात आणि रात्री त्यांचा त्रास कोणालाही होत नाही. मेहुण्यांची फसवणूक झाली, हे खरे. अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट नेमके हेच बजावते की, लिफ्टसोबत प्रमाणित न झालेली जोडउपकरणे बसवली, तर लिफ्टचे प्रमाणपत्रही उरत नाही. म्हणून जॅक लिफ्टच्या उत्पादकाकडूनच, त्याच मॉडेलसाठीचा घ्यावा.

ग्रीसचे_हात

घेण्याआधी ट्रॅकच्या आतल्या पट्ट्यांमधले अंतर पुढे, मध्ये आणि मागे असे तीन ठिकाणी मोजा. तिन्ही मापे जुळली नाहीत, तर आधी ट्रॅक समांतर करून घ्या. बसवताना लिफ्ट कमरेपर्यंत घेऊन लॉकवर टेकवा. जॅक दोघांनी उचलायच्या वजनाचा नसतो, म्हणून तो खालून ट्रॉली जॅकवर लाकडी ठोकळे रचून दोन ट्रॅकच्या मधोमध वर न्या, दोन्ही हात सारखेच बाहेर ओढा, रोलर पट्टीवर पूर्ण बसले हे बॅटरी मारून पाहा आणि मगच खालचा आधार काढा. गाडी चढवण्यापूर्वी रिकामा जॅक टोकापासून टोकापर्यंत ढकलून पाहा. तो जेथे अडेल तेथे पट्टीवर वेल्डिंगचा थेंब राहिलेला असतो, तो कानशीने घासून काढा. आणि पुढची चाके उचलणार असाल, तर मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय पंपाला हात लावू नका.