एके काळी जीव की प्राण असलेले गेम चक्क विसरलो. कुणाचं असं झालंय?

चकवा:
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

परवा आतेभावाशी फोनवर गप्पा चालल्या होत्या. मध्येच म्हणाला, "तुझी ती नकाशांची वही आहे का रे अजून?" मी म्हटलं, कसले नकाशे? तर म्हणे प्रिन्स ऑफ पर्शियाचे, त्या जुन्या कॉम्प्युटर गेमचे. चौकटीच्या वहीत मी एकेक लेव्हल काढली होती म्हणे. जमिनीतून काटे कुठे वर येतात, कुठली फरशी पाय पडताच कोसळते, कुठली दाबली की लांबचं दार उघडतं, सगळ्याच्या खुणा. जीव वाढवणारी बाटली लाल पेनाने आणि विषारी बाटली निळ्या पेनाने. तो इतकं बारीक सांगत होता आणि माझ्या डोक्यात काहीही हलेना.

गेम होता हे ठाऊक आहे. पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र, साठ मिनिटांची मुदत, तळघर. पण हे एखाद्या तिऱ्हाईताबद्दल ठाऊक असावं तसं ठाऊक आहे. मी तिथे होतो, मला मजा येत होती, यातलं काही हाताला लागत नाही.

मग रात्री बसून यादी केली. डेंजरस डेव्ह, एज ऑफ एम्पायर्स, रोड रॅश. गेम सोडूनही बरंच निघालं: माउथ ऑर्गन वाजवायचो, पत्त्यांचे बंगले बांधायचो, आगगाडीच्या डब्यांचे प्रकार पाठ होते. सगळं 'करायचो' एवढंच. उलट सातवीत एकाने सगळ्या वर्गासमोर माझ्या चालण्याची नक्कल केली होती, ती त्याच्या बुटांच्या आवाजासकट आठवते. ही कुठली वाटणी?

विचारायचं ते असं. एवढ्या आवडीची गोष्ट माणूस विसरतो कसा? आणि तो गेम पुन्हा खेळून बघावा का, की त्याने उरलंसुरलंही पुसलं जाईल? "वेळ मिळत नसेल" हे उत्तर नको. वेळ आहे. रोज रात्री तासभर मोबाईलवर अंगठा फिरवण्यात जातो तो वेळच आहे.

मज्जातंतू:
विचित्र काही नाही. हा विषय माझ्या आवडीचा, म्हणून लांबण लावतो.

आठवण पुसली गेली आणि आठवण सापडत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. १९७५ साली गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हर लोकांवर एक प्रयोग केला होता. काहींना शब्दांची यादी पाण्याखाली पाठ करायला लावली, काहींना काठावर. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखाली जास्त आठवले, काठावरचे काठावर. शब्द डोक्यात होतेच, जागा बदलली की बाहेर यायला कां कूं करत होते. तुझा गेम ज्या खोलीत, ज्या खुर्चीवर, ज्या कीबोर्डवर घडला, त्यातलं आता काय शिल्लक आहे?

आता गेमपुरतं बोलतो. जुनं गाणं तुम्हाला शोधत येतं. रिक्षात लागतं, लग्नात लागतं, शेजारचा गुणगुणतो. दर दोनचार वर्षांनी त्या आठवणीला फुकटात पाणी मिळतं. गेमचं तसं नाही. तो आपसूक कानावर पडत नाही. त्याला मशीन लागतं, ते मशीन भंगारात गेलं की आठवण करून देणारं कुणीच उरत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के अधिकृतपणे विकतच मिळत नव्हते. म्हणजे बाजारही विसरलाय, तू एकटा नाहीस.

आणि तो नक्कल करणारा मुलगा का आठवतो? एक तर लाजेची, भीतीची गोष्ट मेंदू जास्त घट्ट धरतो. शिवाय तो प्रसंग एकदाच घडला. गेम तू शेकडो संध्याकाळी खेळला असशील, आणि सारख्या दिसणाऱ्या संध्याकाळी मेंदू एकावर एक रचून त्यांची एकच करतो. खूप केलेली गोष्ट म्हणूनच वेगवेगळी आठवत नाही.

शेवटचं, आणि माझं सगळ्यात लाडकं. रॉबर्ट स्टिकगोल्ड या झोपेच्या अभ्यासकाने आणि सहकाऱ्यांनी २००० साली लोकांना टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे तुकडे रचायचा गेम, खेळायला लावलं आणि झोप लागता लागता काय दिसतं ते विचारलं. त्यात पाच जण असे होते ज्यांना मेंदूच्या इजेमुळे नव्या आठवणी साठवताच येत नव्हत्या. आपण काही खेळलोय हेच त्यांच्या लक्षात नव्हतं. तरी पाचातल्या तिघांनी सांगितलं की डोळे मिटले की तुकडे खाली पडताना दिसतात. तेव्हा खेळून बघ. डोक्याला विचारू नकोस, हातांना विचार.

चौकट_राणी:
मज्जातंतूंच्या शेवटच्या वाक्याला दोन्ही हात वर!

माझं रुबिक क्यूबचं झालंय तेच. कॉलेजात अक्षरशः वेड होतं, नंतर संसार, नोकरी, क्यूब कुठे गेला पत्ता नाही. मध्ये भाचीने वाढदिवसाला मिळालेला क्यूब पुढे केला, "मावशी, तुला येतो ना?" म्हटलं, छे गं, कधीच विसरले. पण हातात घेतला तर पहिला थर लागला, दुसराही लागला. उजवी बाजू वर, वरची फिरव, उजवी खाली, वरची उलट. हे मी आता लिहितेय ते हात हवेत फिरवून बघून लिहितेय, नुसतं आठवून नाही जमत. भाची म्हणाली "हळू कर, मला शिकव", तर तिथेच अडले! हळू केलं की पुढची चाल काय तेच कळेना. शेवटी मोबाईलवर माझ्या हातांचा व्हिडिओ काढला आणि दोघींनी मिळून तो बघून चाली उतरवून घेतल्या.

मजा परत आली का? आली, पण जुनी नाही हो. जुनी मजा सेकंदांची होती. आता भाची "अगं थांब थांब" म्हणते त्याची येते.

आडमुठा:
मला कळत नाही एवढं उकरायचं कशाला. आवडलं, खेळलास, संपलं. लहानपणचे बूटही आठवत नाहीत, म्हणून कोणी हळहळत नाही. सगळा आनंद साठवूनच ठेवायचा म्हटलं तर नवीन कुठे ठेवणार?

चकवा:
@आडमुठा, मुद्दा मान्य आहे. पण हे मी उकरलं नाही, दुसऱ्याने समोर ठेवलं. माझी एक अख्खी वही दुसऱ्याला आठवते आणि मला नाही, हे जरा टोचतं. बुटांचं तसं टोचलं नसतं.

सायंतारा:
एक गोष्ट मध्येच विचारते, राग मानू नका. जुन्या गोष्टी आठवत नाहीत हे एक. पण आत्ता ज्या आवडायच्या त्यातही काही वाटत नाही, असं आहे का? आवडीच्या गोष्टीत रस न उरणं हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे, उदासी नसली तरी. आणि ते दोन आठवडे किंवा जास्त, बहुतेक रोज असेल, तर डॉक्टरांशी बोलावं. तो रात्रीचा तासभर अंगठा फिरवणं वाचलं म्हणून विचारलं. तसं नसेल तर सोडून द्या.

चकवा:
राग कसला, बरं केलंत विचारलंत. तसं नाही. झोप, भूक, भांडणं सगळं जागेवर आहे. अंगठा निव्वळ आळसाने फिरतो.

खुडबुड्या:
चला, कामाचं बोलू. डॉसबॉक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, २००२ पासून, त्यात डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या कॉम्प्युटर सिस्टीमचे, जुने गेम चालतात. नाहीतर इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या गोष्टी जपणाऱ्या वेबसाइटवर कित्येक गेम ब्राउझरमध्येच उघडतात, काही बसवायला नको. फक्त मोबाईलवर खेळू नकोस. काचेवर बाण काढलेले असतात, त्याने हातांना काडीचंही आठवणार नाही. खरा कीबोर्ड घे, जमलं तर खटखट वाजणारा.

आणि वहीचं मनाला लावून घेऊ नकोस. गेम ज्याने बनवला त्या जॉर्डन मेकनरकडेही मूळ सोर्स कोड, म्हणजे त्याने लिहिलेला प्रोग्रॅम, राहिला नव्हता. भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने १९८५ मध्ये व्हिडिओ काढला, त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल बेतली, १९८९ मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी गेम आला, आणि कोड गायब. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात एका खोक्यात फ्लॉप्या सापडल्या. जाणकार मंडळींनी त्या वाचून काढल्या आणि त्याने सगळं गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, टाकलं. तेव्हा वही माळ्यावर बघ एकदा.

चकवा:
खेळलो! वही नाही मिळाली.

सुरुवातीला ठणठणगोपाळ. मेनू, वाळूचं घड्याळ, राजकन्या, सगळं पहिल्यांदा बघितल्यासारखं. राजपुत्र धावत सुटला आणि थेट खड्ड्यात. मग तो वरखाली मिटणारा दातेरी दरवाजा आला. त्याच्याजवळ धावत गेलं तर दोन तुकडे. मी थांबलो, आणि काही ठरवायच्या आत बाणाच्या बटणावर बोट हलकेच पडलं. पुढे काय करायचं त्याचा ठेका बोटाला येत होता: दाते मिटले, उघडले, आता. ठेका बरोबर होता, तरी राजपुत्र मेला. कारण सावकाश एक पाऊल टाकायला बाणाबरोबर शिफ्ट दाबून धरावं लागतं, आणि माझा डावा हात मांडीवर होता.

बरं, म्हटलं, सरावाचा प्रश्न असेल. पण सगळीकडे तेच. उडी अचूक, वळणं अचूक, आणि खाली पडताना कडा पकडायची वेळ आली की पकड नाही. कडाही शिफ्टनेच पकडतात. डावा हात प्रत्येक वेळी उशिरा पोचायचा. उजव्या हाताला गेम पाठ आणि डाव्याला त्याचा गंधही नाही, असं कसं होईल?

आतेभावाला फोन लावला. तो हसतच सुटला. "अरे शिफ्ट माझी होती. तू घाई करायचास, म्हणून दादाने बटणं वाटून दिली होती. बाण तुझे, शिफ्ट माझी. आणि मी वेळेवर पकडलं नाही की तू मला चिमटे काढायचास."

चिमटे आठवले. ते मात्र लख्ख आठवले, कोपराच्या वरच्या बाजूला, आणि त्याचा तो "ए!" असा ओरडा. वही अजूनही आठवत नाही, आणि आता वाटतं की तिचा एवढा घोर नको होता. चौथ्या लेव्हलला मध्येच आरसा उभा राहतो, त्यातून उडी मारली की आपलीच सावली सुटून पळते, तिथवर पोचलो. एकट्याने पुढे जाईन असं वाटत नाही. तो पुढच्या महिन्यात येणार आहे.

@खुडबुड्या, तोवर सेव्ह करून ठेवता येतं का? दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचा कंटाळा आलाय.

मज्जातंतू:
अर्धा गेम एका माणसाच्या हातात आणि अर्धा दुसऱ्याच्या! हे माझ्या वाचनात कुठेच आलं नव्हतं. तो आल्यावर काय झालं ते इथे लिहायचंच.

खुडबुड्या:
येतं की. कंट्रोल आणि जी. तिसऱ्या लेव्हलपासून पुढेच चालतं, आणि परत उघडलं की ती लेव्हल पहिल्यापासून सुरू होते. उघडायला कंट्रोल आणि एल. किती मिनिटं उरली ते स्पेस दाबल्यावर दिसतं. आणि भाऊ आला की कॉम्प्युटरला आणखी एक कीबोर्ड जोड. दोन्ही एकाच वेळी चालतात, सेटिंग काही करावं लागत नाही. त्याला त्याची शिफ्ट वेगळी मिळेल, आणि चिमट्याच्या टप्प्याबाहेर बसता येईल.