मांजराला तंबाखूच्या पाण्याने चोळायला सांगणाऱ्यांनो, जरा ऐका

वडगावची मांजरवाली
बेळगावच्या प्राणीप्रेमींच्या गटात काल एकाने लिहिलंय: "मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं. पिसवांची औषधं म्हणजे नुसता धंदा. तंबाखू भिजवून ते पाणी चोळा, नाहीतर गोठ्यातल्या गोचिडाच्या औषधाचे दोन थेंब पाण्यात घाला. शंभर टक्के गुण." खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे दोन ओळी लिहिल्या तर "तुम्ही डॉक्टर आहात का" म्हणून गप्प केलं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मांजर चाटतं, बरोबर. आणि म्हणूनच अंगाला लावलेलं सगळं त्याच्या पोटात जातं. गुरांच्या गोचिडावर डेल्टामेथ्रिन नाहीतर सायपरमेथ्रिन वापरतात. कुत्र्यांच्या मानेवर घालायच्या थेंबांत बऱ्याचदा त्याच कुळातलं परमेथ्रिन असतं, तेही ४५ ते ६५ टक्क्यांपर्यंत. गाय ते सोसते, कुत्रा सोसतो. मांजराच्या यकृताला ते फोडता येत नाही. आमच्या गल्लीत एका घरी पिवळा बोका होता. शेतीच्या औषधांच्या दुकानातून आणलेलं औषध त्याला संध्याकाळी लावलं. आधी नुसते कान फडफडत होते. मग पाठीची कातडी लाटेसारखी हलायला लागली, मग चारही पाय ताठ. घरच्यांना वाटलं थंडी वाजतेय, गोधडीत गुंडाळून ठेवलं. पहाटे गेला. पिसवांनी तो मेला नसता.

अण्णा खानापूरकर
ताई, तुमच्या बोक्याचं वाईट झालं. पण तुम्ही शहरातली माणसं एका बोक्यावरून सगळ्या गावाला अडाणी ठरवता. आमच्या माळ्यावर आजोबांच्या काळापासून मांजरं आहेत. कुणी मानेवर थेंब घातले होते? चुलीतली राख चोळायची, करंजाचं तेल लावायचं, झालं. उंदीर धरायला मांजर ठेवायचं की त्याच्यावर दर महिन्याला पगार खर्चायचा? आपल्याच बेळगावात पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था काढलीय सरकारने, ती काय उगीच?

वडगावची मांजरवाली
अण्णा, ती संस्था माणसांच्या औषधांसाठी आहे. मांजरांना करंज लावा असं तिथे कुणी सांगितलेलं नाही. आणि आजोबांच्या काळातली मांजरं जगली म्हणता, तर एका वेताची किती पिल्लं जगायची तेही सांगा की. पावसाळ्यात पोत्यावर पडलेली, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या झालेली पिल्लं मी पाहिलीत. "आईने टाकली" म्हणायचे घरात. पिसवांनी रक्त प्यायलं होतं त्यांचं.

दवाखान्यातली
मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दोन्ही बाजू अर्धंच बोलतायत.

अंगावर दिसते ती पिसू म्हणजे घरातल्या एकूण पिसवांतला जेमतेम पाच टक्के भाग. बाकी अंडी, अळ्या, कोष, सगळं खाली: पायपुसणं, गादीची शिवण, जात्यामागची धूळ, मांजर झोपतं ते पोतं. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, ती केसांत चिकटत नाहीत, गळून पडतात. कोषातली पिसू काही महिने तशीच राहू शकते. वर कुणाच्या चालण्याची थरथर, अंगाची ऊब, श्वासाची हवा लागली की बाहेर येते. म्हणून राख चोळून "गेल्या" वाटतात आणि पंधरा दिवसांनी परत दिसतात. त्याच न्यायाने, ताई, एकदा महागडा थेंब टाकून "औषध चाललं नाही" म्हणणारे पण चुकतात. किमान तीन महिने, घरातल्या सगळ्या मांजर-कुत्र्यांना एकाच वेळी, आणि अंथरुणं दर आठवड्याला गरम पाण्यात. आपल्याकडे जूनपासून हवा दमट राहते, ऊन नाही, अंडी सुकत नाहीत. पिसवांना तेच पाहिजे असतं.

टिळकवाडी तिसरा मजला
आमची मनी घराबाहेर पाऊल टाकत नाही. फरशी रोज फिनाईलने पुसतो. तिला पिसवा होणं शक्यच नाही, तरी डॉक्टर थेंब लिहून देतात. म्हणजे धंदाच नाही का हा?

दवाखान्यातली
आधी फिनाईल बंद करा. ओल्या फरशीवरून मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं. फिनॉलही मांजराला पचत नाही. साबणाच्या पाण्याने पुसा. पिसवा आहेत की नाही ते डॉक्टरना विचारायला नको, स्वतः बघा. पांढऱ्या कागदावर मनीला उभं करून शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवा. काळे कण पडतील. त्यावर पाण्याचा थेंब टाका. माती असेल तर माती राहील. पिसवांची विष्ठा असेल तर थेंबाभोवती तांबूस डाग पसरेल, कारण ते पचलेलं रक्त आहे. काहीच निघालं नाही तर डॉक्टरना तसं सांगा आणि थेंबाची गरज विचारा, तुमचा हक्क आहे.

टिळकवाडी तिसरा मजला
कागद केला. डाग आला. खालच्या मजल्यावरचा कुत्रा आमच्या दारात लोळतो, त्याचंच असणार. फिनाईलचं मात्र मला पटलेलं नाही, आईच्या घरी तीस वर्षं तेच वापरतात.

निपाणीकर
तंबाखूवर मला बोलू द्या, कारण तंबाखू म्हटलं की सगळे निपाणीकडे बोट दाखवतात. माझी आजी वखारीत जायची. ओल्या पानांत हात घातला की बायकांना गरगरायचं, मळमळायचं, जेवण जायचं नाही. धडधाकट बायका त्या. कातडीतून निकोटीन आत जातं हे आमच्या गावात शाळकरी पोराला ठाऊक आहे. एकेकाळी निकोटीन शेतात कीड मारायला फवारायचे. तेच पाणी तीन किलोच्या मांजराला चोळायचं आणि वर त्याने चाटायचं? हा सल्ला निपाणीच्या माणसाने दिला नसणार, पैजेवर सांगतो.

सीमावासी
सगळे औषधावर भांडताय, मूळ दुखण्यावर कुणी बोलत नाही. पिवळा बोका का मेला? औषधाबरोबर मिळालेलं पत्रक कन्नडमध्ये होतं म्हणून. बाटलीवर इंग्रजी. वडगाव-शहापूरच्या मराठी माणसाने वाचायचं कसं? लोकसंख्येच्या पंधरा टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्य असतील तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे १९५६ पासून ठरलेलं आहे. त्यासाठी घटनेत कलम ३५० ब खाली आयुक्त आहे. आणि इथे? पाट्यांवर साठ टक्के कन्नड नसेल तर दुकानदाराला नोटीस, पण विषाची सूचना मराठीत द्यायला कुणी बांधील नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. तोवर मांजरं काय, माणसंही चुकीचं औषध पिऊन मरतील.

अण्णा खानापूरकर
झालं सुरू. पिसवांच्या धाग्यात कलम ३५० ब. अहो, पन्नास वर्षं इथे राहून चार ओळी कन्नड वाचता येत नसेल तर दोष कुणाचा? माझी नातवंडं दोन्ही वाचतात.

सीमावासी
नातवंडं वाचतात कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नाही! माझी आई मराठी शाळेत सातवी शिकली. तिने साठाव्या वर्षी बाराखडी गिरवायची? तुमच्यासारख्या मिळमिळीत माणसांमुळेच सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा १ नोव्हेंबरचा काळा दिवस आता मूठभरांचा राहिलाय.

चिकोडीची सून
मिळमिळीत वगैरे शब्द नकोत, अण्णा वडीलधारे आहेत. माझं माहेर कागल, सासर चिकोडी. सासूबाई कन्नड, मला सुरुवातीला ओ की ठो कळायचं नाही. आमच्या बोक्याचं पत्रक त्यांनीच मोठ्याने वाचून दाखवलं आणि "बेक्किगे बेड", म्हणजे मांजराला नको, म्हणून बाटली बाजूला ठेवली. बोका वाचला. शेजारी विचारायला काय कमीपणा आहे?

सीमावासी
घरात कन्नड सासू नाही त्यांनी काय करायचं वहिनी? प्रत्येक कागद घेऊन शेजाऱ्याच्या दारात जायचं? तुमच्या सासूबाई चांगल्या आहेत हे मान्य, पण हक्क सासूबाईंच्या चांगुलपणावर चालत नाही.

निपाणीकर
मग शिनोळीला जाऊन आणा. हद्द ओलांडली की महाराष्ट्र. मी कोल्हापुरातून आणतो. तिथल्या खोक्यावर मराठी असतं असं वाटतंय का? तिथेही इंग्रजीच.

सीमावासी
म्हणजे दोन्ही सरकारं नालायक. माझा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही.

वडगावची मांजरवाली
सीमावासी दादा, मीही मोर्च्यांत गेलेय, तेव्हा मला भाषा शिकवू नका. पण बोक्याची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची आहे आणि तुम्ही ती तुमच्या सोयीने वळवताय. पत्रक कन्नडही नव्हतं, मराठीही नव्हतं. पत्रक नव्हतंच. मोठ्या डब्यातून रिकाम्या बाटलीत ओतून दिलं होतं, वर चिठ्ठीसुद्धा नाही. कुत्र्यांच्या परमेथ्रिनच्या खोक्यावर फुली मारलेलं मांजर छापलेलं असतं, ते निरक्षर माणसालाही कळतं. पण खोकंच हातात आलं नाही तर चित्र कुठून दिसणार? सुटं औषध विकणं बंद करा यावर सह्या गोळा करत असाल तर पहिली सही माझी. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत लिहू.

सीमावासी
सुट्या विक्रीचं खरं आहे. ते मला माहीत नव्हतं कारण तुम्ही आधी लिहिलं नव्हतं. सही करतो. मराठी मजकूर वर पाहिजे.

अण्णा खानापूरकर
गुरांचं औषध आमच्याकडे सगळे सुटंच आणतात. पूर्ण डबा दोन म्हशींसाठी कोण घेईल? शहरातून कायदे करणं सोपं आहे.

जांबोटीचा
तुमचं चालू द्या, पण गोचिडावर कुणी बोलेल का? आमच्या भागात पिसवांपेक्षा तेच जास्त. मांजराच्या कानामागे वाटाण्याएवढा फुगलेला बसतो. घरात सगळे म्हणतात काडी पेटवून चटका द्या, नाहीतर रॉकेल लावा. आणि रानातल्या गोचिडाने माकडताप होतो म्हणतात, तो मांजरामुळे घरात येईल का?

दवाखान्यातली
चटका नको, रॉकेल नको. डिवचलेला गोचीड लाळ जखमेत ओकतो, आणि मांजराची कातडी भाजते ती वेगळीच. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून तोंडाजवळ धरा, हळूहळू सरळ ओढा, पिळू नका. हाताने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. मग हात धुवा.

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. अलीकडे गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गला रुग्ण निघाले, म्हणजे जांबोटीच्या माणसाने काळजी करणं बरोबरच आहे. तो पसरवणारा गोचीड रानातला, कुत्र्यांच्या अंगावर नेहमी दिसतो त्यापेक्षा वेगळा. धोका मुख्यतः रानात लाकडं-पाला आणायला, गुरं चारायला जाणाऱ्या माणसाला असतो. अंगभर कपडे घाला, घरी आल्यावर अंग तपासा, कपडे गरम पाण्यात टाका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य खात्याला कळवा. मांजराचे गोचीड काढत राहा, पण तापाच्या भीतीने मांजर घराबाहेर हाकलू नका.

अण्णा खानापूरकर
ही मुलगी नीट बोलते, बाकीचे नुसते भाषण ठोकतात. तंबाखूचं पाणी मी स्वतः कधी लावलेलं नाही, त्याची बाजू घेणार नाही. गोठ्यातलं औषध मांजराला लावायचं नाही, हेही मानलं. करंजाचं मात्र पटवून द्या.

दवाखान्यातली
कडुलिंब असो, करंज असो, घट्ट तेल मांजराने चाटलं की लाळ गळते, उलट्या होतात, काहींना थरथर सुटते. निलगिरी, टी ट्री, कापूर यांचंही तेच. लसूण खाऊ घाला म्हणणारेही आहेत, त्याने तांबड्या पेशी फुटतात. मोठ्या मांजरांसाठी मांजराचंच म्हणून छापलेलं फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन, वजनानुसार. केस बाजूला करून कवटीच्या खाली मानेवर, कातडीवर, जिथे जीभ पोचत नाही तिथे. घरात ससा असेल तर फिप्रोनिल लावलेलं मांजर वाळेपर्यंत त्याच्यापासून लांब ठेवा, सशाला ते विष आहे. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते चपट्या जंताचे तुकडे. चाटताना पिसू गिळली की तो होतो. त्याची गोळी वेगळी, नुसत्या थेंबाने तो जात नाही.

आणि कुणी चुकून गुरांचं औषध लावलंच असेल तर गोधडीत गुंडाळत बसू नका. भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, पुसा, बाटली सोबत घेऊन तडक दवाखान्यात. झटके वेळेत आवरले तर बरीच मांजरं वाचतात.

अण्णा खानापूरकर
माळ्यावर मांजरी व्यालीय. पिल्लं महिन्याची. अंगावर पिसवा दिसतात. त्यांच्यावर काय घालू? थेंबांच्या खोक्यावर आठ आठवडे लिहिलंय असं नातू सांगतो.

वडगावची मांजरवाली
नातू बरोबर सांगतो. इतक्या लहान पिल्लांवर थेंब नकोत. माणसांच्या लिखा काढायची बारीक फणी घ्या, रोज फिरवा, दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवा. अंग ओलं ठेवू नका, गारठ्याने जातील. खालचं पोतं जाळा नाहीतर उकळा, नवीन घाला. आईला औषध लावायच्या आधी डॉक्टरना विचारा, ती दूध पाजतेय असं सांगा. ओठ उचलून हिरड्या बघा. पांढऱ्या असतील तर उद्यावर ढकलू नका.

अण्णा खानापूरकर
दोघांच्या गुलाबी आहेत. एकाच्या नाहीत. खानापूरला नेतो.

दवाखान्यातली
खोक्यात सुकं फडकं घाला, बाटलीत कोमट पाणी भरून शेजारी ठेवा, आणि तिन्ही पिल्लं न्या. मांजरीच्या अंगाला करंज लावला असेल तर तेही डॉक्टरना सांगा, पिल्लं तिथेच तोंड लावतात.