गॅस कटर लावण्याआधी एक रात्र

आपल्या प्रीमियर पद्मिनीच्या सायलेन्सरचा पुढचा पाइप बदलताना मॅनिफोल्डखालचे (इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाखालचे) नट हलत नाहीत आणि मेकॅनिक गॅस कटर लावायला निघाला आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते त्याला एक दिवस थांबवावे. पाइप कापला गेला तरी बिघडत नाही, तो बदलायचाच आहे. पण स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला, तर उरलेला तुकडा ड्रिलने काढताना बिडाच्या मॅनिफोल्डचे आटे जाण्याची भीती असते आणि अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांवर जाते.

तारेच्या ब्रशने आटे घासून गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे. सकाळी सहाकोनी सॉकेट लावून नट आधी किंचित आवळावा, मगच सोडवावा. 'कट्' असा बारीक आवाज आला की गंजाची पकड सुटली असे समजावे. तरीही न सुटल्यास तेल पुसून फक्त नट तापवावा (पेट्रोलची नळी कुठून जाते, हे आधी पाहून!) आणि कडेला मेणबत्ती टेकवावी, वितळलेले मेण आट्यांत ओढले जाते.

सायलेन्सरचा मागचा डबा बहुधा आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते आणि रविवारी केवळ नाक्यापर्यंत फिरणाऱ्या गाडीत ते थंड डब्यातच साचते. जोडताना गॅस्केट (सांध्यातून धूर गळू न देणारी चकती) नवे घ्यावे, नट पितळी घ्यावेत, आणि सगळे सांधे सैल ठेवून पाइप रबरी टांगण्यांवर सरळ बसल्यावरच पुढून मागे आवळत जावे.