मदत हवी आहे: अर्जात ‘मी केलं’ लिहायला हात धजत नाही

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. गेली 6 वर्षं नंदेसरीतल्या एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासण्याच्या विभागात आहे. आता पुण्यातल्या औषध कंपन्यांत अर्ज करायचेत आणि सोबतच्या पत्रावर घोडं अडलंय.

पत्र इंग्रजीत आहे, पण अडचण इंग्रजीची नाही. वहिनीनं मसुदा वाचला आणि ‘हेल्प्ड’, ‘ट्राइड’, ‘वॉज इन्व्हॉल्व्ड इन’ अशा 8 शब्दांभोवती पेनानं गोल केले. म्हणाली, “ताई, यात तुम्ही कुठे आहात?”

मला वाटतं, ही प्रयोगशाळेची सवय आहे. रिपोर्टात कायम ‘नमुना तपासण्यात आला’ असंच लिहायचं, तिथे ते बरोबरही आहे. तेच अर्जात उतरलंय.

एक उदाहरण देते. एका पावसाळ्यात आमच्या मालात पाण्याचं प्रमाण मर्यादेबाहेर दिसायला लागलं, बॅचेस अडकल्या. पाण्याचं प्रमाण मोजणाऱ्या कार्ल फिशर यंत्रावर मीच असायचे. पाहिलं तर सुकवण्याच्या नळीतलं निळं सिलिका जेल ओलावा शोषून पार गुलाबी झालेलं, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत होती. जेल बदललं, टायटर, म्हणजे यंत्रातल्या द्रावणाची ताकद, पुन्हा काढला आणि तेच नमुने मर्यादेत आले. पुढे जेल बदलायचं वेळापत्रकही मीच बसवलं. अर्जात काय लिहिलंय? ‘पुनर्तपासणीच्या कामात सहभाग होता.’

आता ते वाक्य असं केलंय: ‘चुकीच्या रीडिंगचं कारण शोधलं आणि यंत्राच्या देखभालीचं वेळापत्रक तयार केलं.’ शब्दन् शब्द खरा आहे. पण रिपोर्टवर सही सरांची, बॅच सोडायचा निर्णयही त्यांचा. त्यांचं श्रेय ओढून घेतेय असं वाटत राहतं. आपल्या तोंडानं आपलं कौतुक करू नये हे घरचं वळण, आणि ते मला आजही पटतं. म्हणून ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’ ही विशेषणं मी आपणहून काढली. ती दुसऱ्यानं म्हणायची.

तुमच्यापैकी कुणी भरतीचं काम केलं असेल तर सांगा: सरांच्या मंजुरीचा उल्लेख त्याच वाक्यात करावा, की तो मुलाखतीसाठी ठेवावा? आणि शेवटचं ‘संधी दिल्यास आभारी राहीन’ फार अजिजीचं वाटतं का? त्याऐवजी ‘या कामाबद्दल सविस्तर बोलायला आवडेल’ असं लिहिलं तर चालेल? पत्र रविवारी रात्री पाठवायचंय.