सातपुड्यातले डोंगरमाथे आणि पॉइंट: तुमच्या आठवणी लिहा

काल संध्याकाळी सोसायटीच्या कुंपणाशी लेकीनं सागाचं कोवळं पान तोडलं आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "चोळ हातावर." तिनं चोळलं. तळहात लालभडक! ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली आणि मी थेट चाळीस वर्षं मागे, चिखलदऱ्याच्या घाटात.

बाबांची बदली तेव्हा अचलपूरला होती. ऑगस्टमधल्या एका रविवारी ते मला आणि ताईला चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर घेऊन गेले. धुकं इतकं की बाबांचा हात दिसायचा, चेहरा नाही. दरवाजावर दोन तोंडांचा पक्षी कोरलाय, गंडभेरुंड. बाबांनी माझं बोट धरून त्याच्या ओल्या दगडी पंखावरून फिरवलं, कारण नुसतं बघून काही कळत नव्हतं. मग दक्षिणेच्या तटाजवळ आम्हाला बसवलं आणि म्हणाले, "थांबू."

चाळीसेक मिनिटं थांबलो. समोर नुसतं पांढरं. कुठून तरी म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. एवढ्या वेळात बाबा जेवढं बोलले तेवढं घरी महिनाभरात बोलत नसत. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी हा गड घेतला तेव्हा उत्तरेकडून डोंगरातून तोफा कशा ओढत आणल्या, पठाराला जोडलेली तीच एक बाजू कशी कच्ची, हे सगळं हातवारे करून सांगितलं. आणि मग धुकं खालून फाटलं. खाली अख्खं वऱ्हाड! उन्हात शेतांचे चौकोन, मधून चमकणारी सापन नदी. "बघून घ्या, परत झाकेल," बाबा म्हणाले. दोन मिनिटांत झाकलंच.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. कालपासून तो तट डोळ्यांपुढून हलत नाहीये. तुमच्याही अशा आठवणी असतील तर लिहा ना. सातपुड्यातला कुठलाही डोंगर, कुठलाही पॉइंट चालेल.

परतवाड्याचा पोरगा:
बाप्पा! सागाचं पान! आमी तर शाळेत असताना ओठाले लावू अन् मास्तर म्हणे रक्त निघून रायलं का रे. लय मार खाल्ला त्याच्यापायी. चिखलदरा मले पॉइंटसाठी नाही आठवत, एसटीसाठी आठवते. वळणं चालू झाली का आर्धी गाडी लिंबू हुंगत बसे. माय मावशी तर डोळे मिटून रामनाम घेत वर जाये अन् वर पोचल्यावर म्हणे, किती सुंदर घाट आहे!

रानपाखरू:
तोरणमाळ. तिथल्या सीताखाई दरीवरचा सूर्यास्त बघायचा म्हणून दुपारपासून निघालो होतो, तो राहूनच गेला. खालच्या जंगलात निष्पर्ण सागाच्या फांदीवर भर दुपारी एक छोटं घुबड बसलेलं. आधी वाटलं साधा पिंगळा. पण कपाळावर ठिपके जवळजवळ नाहीत, पायांवर जाड पांढरी पिसं, आणि शेपटी सारखी इकडून तिकडे झटकत होतं. रानपिंगळा! माझे हात इतके थरथरत होते की दुर्बीण स्थिर धरता येईना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा पक्षी १८८४ नंतर कोणालाच सापडला नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, याच डोंगरांच्या पायथ्याला परत दिसला. ११३ वर्षं! एवढी वर्षं तो तिथेच होता, दिवसाढवळ्या फांदीवर बसत होता. आम्ही पाऊण तास त्याच्यासमोर जमिनीवर बसून होतो. सूर्य कधी बुडाला कळलं नाही.

हिरवी टोपी:
@रानपाखरू अंगावर काटा आला वाचताना. मेळघाटातही आहे ना तो?

रानपाखरू:
हो, मेळघाटात आहे. सागाच्या विरळ जंगलात बघायचा, जुन्या झाडांच्या ढोलीत घरटं करतो. मोठी झाडं तोडली की संपलं त्याचं. कृपा करून आवाज रेकॉर्ड करून वाजवत बसू नका, फार त्रास होतो त्याला.

अंगणवेल:
कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. आमच्याकडे डोंगर म्हणजे महादेव, दुसरं काही नाही. आजी दर श्रावणात नागद्वारच्या यात्रेला जायची, पचमढीहून. नागपंचमीच्या आधीचे ते थोडेच दिवस वाट उघडी असते, एरवी व्याघ्रप्रकल्पाचं जंगल बंद. मी बारा वर्षांची असताना एकदाच तिच्यासोबत गेले. पाऊस थांबायचं नाव नाही, वाटेवर नुसता चिखल, उभ्या लोखंडी शिड्या. आजी साठीची, नऊवारीचा काचा मारलेला, पायात काही नाही. मी रडकुंडीला आले तेव्हा तिनं माझा हात शिडीच्या दांडीवर ठेवला, वर स्वतःचा हात घट्ट दाबला आणि म्हणाली, "खाली नको पाहू, माझ्या हाताकडे पाह्य."

परतताना धूपगडावरही गेलो. सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, १३५२ मीटर. तिथे मात्र आजी म्हणाली, "इथं देव नाही तर कायले आलो?" आणि पाय दाबत बसली. मग ढग उतरायला लागले तशी उठून अगदी कठड्याशी गेली आणि अंधार पडेपर्यंत तिथून हलली नाही. तिसरी शिट्टी झाली, जाते.

डिंक आणि मध:
चिखलदऱ्याच्या कॉफीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही??

परतवाड्याचा पोरगा:
कारण सगळे चहावाले हाव इथं

डिंक आणि मध:
अहो पण महाराष्ट्रात कॉफीची झाडं बघायला मिळतात अशा मोजक्या जागांपैकी ती एक! मी पहिल्यांदा झाडावरची लाल फळं पाहिली तेव्हा बोरं समजून तोंडात टाकलं. गर गोड असतो, खरंच. बी मात्र दाताखाली आली की संपलं.

अंगणवेल:
अगं मी पण खाल्लंय 😄

घाटमाथा:
धाग्याचं नाव पॉइंट आहे म्हणून थोडं कळकळीनं लिहितो. सगळे पावसाळ्यातच जातात, धुक्याचे फोटो काढतात आणि उतरतात. मार्चच्या शेवटी जा एकदा. सागाची पानं गळलेली असतात, त्यामुळे ऐन हिरवाईत झाडांनी झाकलेल्या दऱ्या तेव्हा तळापर्यंत उघड्या दिसतात. कोणती सोंड कुठे उतरते, ओढा कुठून वळतो, सगळं कळतं. त्या करड्या रंगात मधेच कुसुमाची नवी पालवी, लालबुंद, लांबून वाटतं झाड पेटलंय. सकाळी सहाला काठावर बसायचं. वाळक्या सागपानांवरून साधी खार पळाली तरी माणूस चालत आल्यासारखा आवाज येतो. दहानंतर उन्हानं समोरच्या रांगा पुसट होतात, तेव्हा उठायचं.

वणव्याचे दिवस असतात ते. काडीपेटी खिशातसुद्धा नको.

हिरवी टोपी:
मी पावसाळ्याच्याच बाजूने. चिखलदऱ्यातल्या भीमकुंडाचा धबधबा मार्चमध्ये कुठे भेटणार तुम्हाला? भीमानं कीचकाला मारून त्या दरीत टाकलं आणि इथे येऊन हात धुतले, ही गोष्ट कोरड्या कड्यासमोर सांगून पोरांना पटत नाही हो.

घाटमाथा:
हे मान्य. भीमकुंड पावसातच.

जुना मास्तर:
मी मेळघाटात नऊ वर्षं शिक्षक होतो. धागाकर्तीच्या सागाच्या पानावरून लिहावंसं वाटलं. तिथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत सागाला सिपना म्हणतात, हे मला माझ्या दुसरीतल्या पोरांनी शिकवलं. सिपना नदी मी नकाशावर कितीदा पाहिली होती, पण नावाचा अर्थ विचारावा असं कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी फळ्यावर "सा सागाचा" लिहिलं होतं आणि वर्गात कोणीच ओळखेना. शेवटी एक मुलगी बाहेर पळाली, पान घेऊन आली, हातावर चोळून मला दाखवलं आणि म्हणाली, "सिपना." दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक शब्द आधी त्यांना विचारायला लागलो.

पॉइंटचं म्हणाल तर वैराट. चिखलदऱ्याच्या बाजूचा सगळ्यात उंच भाग. विराट राजाची नगरी म्हणतात लोक. मी पाहिलं तेव्हा तिथे नांदतं गाव होतं. शेतं होती, गुरं होती, काठावर उभं राहिलं की पाठीमागून जात्याचा आवाज यायचा. पुढे व्याघ्रप्रकल्पातून गावाचं पुनर्वसन झालं. आता शेतांच्या जागी गवत आहे, रानगवे चरतात. रानासाठी चांगलं झालं हे मी मनापासून मानतो. पण मागच्या खेपेला एका आंब्याखाली उभा राहिलो आणि तो कोणाच्या अंगणातला आंबा होता ते मला माहीत होतं. तिथून पुढे काठापर्यंत जाववलं नाही.

अंगणवेल:
सर 🙏 काय लिहू सुचत नाहीये.

रानपाखरू:
सर, कोरकू झाडा-पक्ष्यांची नावं आठवतील तशी लिहून काढा, अगदी मोडकीतोडकी का होईना. आम्ही काही जण टाइप करून देऊ.

जुना मास्तर:
वही आहे जुनी. वाळवी लागलेली आहे पण आहे. शोधतो.

निळी खिडकी:
चिखलदऱ्याचा पंचबोल पॉइंट. पाच वेळा आवाज परत येतो म्हणून पंचबोल. लहानपणी भाऊ आणि मी एकमेकांची टोपणनावं ओरडायचो. दोन वर्षांपूर्वी गेले तेव्हा तो परदेशात, आमचं बोलणं बंद होतं. कारण सांगत नाही, घरचंच होतं. तिथे उभी राहिले आणि त्याचं टोपणनाव ओरडले. दरीनं परत दिलं, पुन्हा पुन्हा, शेवटी अगदी बारीक. ते मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि खाली रेंज आल्यावर पाठवलं. काहीच लिहिलं नाही सोबत. रात्री अडीचला त्याचा फोन आला.

डिंक आणि मध:
रडवलंस ताई

परतवाड्याचा पोरगा:
आता बोलता ना?

निळी खिडकी:
रोज. आता तर फोन ठेवत नाही लवकर 😄

अकोटची:
आमचा नरनाळा किल्ला कुठे राहिला? शहानूरवरून वर जायचं. महाकाली दरवाजाखाली पाच मिनिटं शांत उभं राहून दगडातली कमळं आणि अक्षरं बघा, घाई करू नका. नऊगजी तोफेवर पोरं चढतात ते बघवत नाही. आतलं रान अभयारण्य आहे, संध्याकाळच्या आत खाली यावं लागतं, आणि तेच बरंय.

धागाकर्ती:
ऑफिसातून वाचत होते, मधेच उठून गॅलरीत जावं लागलं. मास्तर, तुमची ती मुलगी आणि माझी लेक, एकच पान. लेकीला आत्ता फोन करून "सिपना" सांगितलं, तिनं वहीत लिहून घेतलंय. हातावरचा रंग अजून गेलेला नाही, शाळेत सगळ्यांना दाखवून आली.

घाटमाथाजी, मार्चचं मनावर घेतलंय, पण आधी ऑगस्ट. ताईशी बोलले. येत्या पंधरवड्यात आम्ही दोघी आणि लेक, गाविलगड. दक्षिणेचा तट. ताईचा गुडघा दुखतो पण म्हणाली, चढेन, बसत बसत चढेन.

परतवाड्याचा पोरगा:
धामणगाव गढीवरून जा, घटांगवरून नका येऊ. अन् लिंबू ठेवा संग.

अंगणवेल:
आणि सकाळी लवकर पोचा. दुपारी गर्दी होते.

धागाकर्ती:
लवकरच जाणार. डबा आणि सतरंजी घेऊन. किती वेळ थांबावं लागेल काय माहीत.